कबनूरच्या चार पावत्या

अक्का,

तुमच्या निधनाची बातमी चौथ्या पानावर आली. एका स्तंभाची, फोटोसह. तीत तीन चुका होत्या. वय दोन वर्षांनी कमी लावलं होतं आणि गडहिंग्लजऐवजी गारगोटी छापलं होतं. त्या दोन्ही मी सकाळीच फोन करून कळवल्या. तिसरी चूक शेवटच्या वाक्यात होती : 'लैंगिक अत्याचार रोखण्याचं प्रशिक्षण त्यांची संस्था महिलांना मोफत देत असे.'

तीही कळवली. फोनवरचे उपसंपादक सभ्य होते. त्यांनी विचारलं, "मग किती घेता, मॅडम?"

"ते सगळ्यांना सारखं नसतं."

"म्हणजे ऐपतीप्रमाणे?"

"अगदी तसंही नाही."

मग ते म्हणाले, "राहू दे मग मोफतच. जागा तेवढीच आहे."

तुम्ही असता तर फोन माझ्या हातातून ओढून घेतला असता. इतकी वर्षं तुम्ही या एका शब्दाशी भांडलात आणि तोच शब्द तुमच्या फोटोखाली छापून आला. तुम्हाला माती दिली त्याला आज बारा दिवस झाले. तुमचं शिक्षण, मिळालेले पुरस्कार, मागे कोण कोण आहे, हे सगळं त्या बातमीत आहे आणि दुसऱ्या दिवशीच्या दुरुस्तीनंतर आता बरोबर आहे. ते इथं पुन्हा लिहीत नाही. एका वाक्यात जे सांगता आलं नाही तेवढंच लिहिते. शिवाय एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, जी तुम्हाला ठाऊक होती असं मला परवा कळलं.

तुम्हाला मोफत या शब्दाचा राग का होता, ते मी पहिल्याच वर्षी पाहिलं. अकरा वर्षं बातमीदारी करून मी तुमच्याकडे पत्रकं आणि पुस्तिका लिहायला आले होते. शिवाजी पेठेत खाली फुटबॉलच्या जर्सी शिवणारं दुकान आणि वर आपलं कार्यालय. सामना असला की खालच्या घोषणांमुळे वर एकमेकींचं बोलणं ऐकू यायचं नाही. तेव्हा तुम्ही मला नावानं हाक मारत नव्हता, 'पत्रकारीण बाई' म्हणायचात. एका महाविद्यालयानं महिला दिनाला बोलावलं होतं. विनामूल्य. तुम्ही कापडावर रंगवलेली चित्रं गुंडाळून घेऊन गेलात. आधी दीपप्रज्वलन, मग सत्कार, मग पाहुण्यांचं भाषण. तुमची वेळ आली तेव्हा सूत्रसंचालन करणारे प्राध्यापक तुमच्या कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, दहा मिनिटांत आवरा. पाहुण्यांची गाडी थांबलीय."

तुम्ही कापड उलगडलं नाही. शाल आणि नारळ घेऊन आपण बाहेर पडलो. रंकाळ्याच्या कडेनं चालताना तुम्ही म्हणालात, "फुकट हाय म्हणून दहा मिनिटं. पैसे मोजले असते तर दोन तास दारं लावून बसवलं असतं सगळ्यास्नी, वसूल व्हायला. पत्रकारीण बाई, उद्या एक दरपत्रक लिवा."

मी लिहिलं. तीन दर. खालचा तीनशे, मधला दोन हजार, वरचा नऊ हजार. प्रशिक्षण मात्र तिघांना एकच : तेच दोन तास, तीच चित्रं, त्याच तुम्ही. वरचा दर भरणाऱ्यांच्या पैशांत खालच्यांचं भागायचं. जोतिबाच्या डोंगरावर गुलाल-खोबऱ्याच्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांसाठी आपण गेलो, तेव्हा त्यांनी वर्गणी काढून तीनशे जमवले होते. एक दुकानदार म्हातारे म्हणाले, "पैसं कशाला, अक्का, पेढं न्या की किलोभर." तुम्ही दोन पेढे तिथंच उभ्यानं खाल्लेत, छान झालेत म्हणालात आणि तीनशे रुपये मोजून घेतलेत. परतताना मी म्हणाले, हे कठोर झालं. तुम्ही म्हणालात, "त्या बायकांनी पैसे भरल्यात. आता मी चुकीचं काय बोललो तर त्या मला इचारू शकतात. पेढ्यावर कोण इचारणार?"

प्रश्न एकच उरला होता : कुणी कोणत्या दरात बसायचं, हे ठरवायचं कसं. त्याचं उत्तर मी शोधलं. कामगारांच्या संख्येवर. दहापेक्षा कमी कामगार असतील तर खालचा दर. कायद्यातही दहा हाच आकडा आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर मालकाला स्वतःच्या जागेत तक्रार समिती नेमावी लागते. त्याहून कमी असतील तर बाईनं जिल्ह्याच्या समितीकडे जायचं. दोन्हीकडे एकच आकडा बसला याचं मला समाधान वाटलं. वृत्तपत्रात असा आकडा मिळाला की बातमी उभी राहायची.

तुम्ही कागद वाचलात. "आकडा मोजणार कोण?"

"मालक सांगेल."

"मालक सांगंल," तुम्ही म्हणालात आणि कागद परत दिलात. ती संमती आहे असं मी धरलं.

कबनूरच्या त्या मालकाचं नाव देत नाही. एक मोठी शेड, आत यंत्रमाग, सुताच्या कांड्या भरणाऱ्या आणि कापड तपासणाऱ्या बायका. त्यानं स्वतःहून फोन करून बोलावलं होतं, हे त्याच्या बाजूनं नोंदवायला हवं. तुम्ही शेडमध्ये गेलात, माग बंद करायला लावलेत, बायकांना तागे बांधायच्या फळ्यांवर बसवलंत. मी केबिनमध्ये पावतीपुस्तक उघडलं. चहा आला.

"पावत्या चार करा," मालक म्हणाला.

"चार?"

"चार फर्मा हायत की, बाई. एक माझी, एक मालकिणीची, एक भावाची, एक आईच्या नावची. हरेकीत सात-आठ माणसं. तुमच्या कागदावर दहाच्या खाली तीनशे लिवलंय न्हवं? चार त्रिक बारा. बाराशे घ्या."

"शेड तर एकच दिसते."

"शेड एक असंल, लाइटबिलं चार हायत. दावू?"

त्यानं खरोखर चार बिलं दाखवली. नावं वेगळी होती, ग्राहक क्रमांक वेगळे होते. वृत्तपत्रात दोन कागद जुळले तरी आम्ही बातमी सोडायचो. इथं चार जुळले होते. मी चार नावांच्या चार पावत्या फाडल्या आणि प्रत्येकीवर लिहिलं : 'कामगार दहापेक्षा कमी'. केबिनला काच होती. काचेतून सगळ्या बायका एका घोळक्यात तुमच्यासमोर बसलेल्या दिसत होत्या. मी मोजल्या नाहीत.

येताना एसटीत तुम्ही विचारलंत, "बाराशेच? मधला दर दोन हजार हाय." मी चार फर्मांचं सांगितलं. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. "अय्यो, वैजू. आत जायला एकच दार हुतं की."

"कागद बरोबर आहेत, अक्का."

"असतील," तुम्ही म्हणालात आणि हातकणंगले येईपर्यंत डोळे मिटून बसलात. त्या दिवशी तुम्ही मला पहिल्यांदा नावानं हाक मारलीत. हेही मला आज लिहिताना आठवलं.

दीड महिन्यानं दुपारी एक बाई जिना चढून वर आली. तिला इथं शालन म्हणते. खरं नाव वेगळं आहे. लिहायला तिनं परवानगी दिली आहे. "कबनूर लिवा बिनधास्त, तितं शेडी काय एकदोन हायत व्हय," असंही म्हणाली. ती त्या शेडमध्ये कांड्या भरायची. दारातून आत येऊन ती बसलीही नाही.

"तुमी त्या दिवशी सांगितलं, असं झालं तर लिहून द्यायचं. झालंय. घ्या लिहून."

शेडचा दिवाणजी, म्हणजे हजेरी मांडणारा आणि आठवड्याचा पगार वाटणारा माणूस, त्यानं काय केलं ते तिच्या शब्दांत तक्रारीत आहे. इथं त्याची गरज नाही. तिनं आधी मालकिणीला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी तिला निरोप आला, उद्यापासून येऊ नको. पोलिसांत जायला तिची तयारी नव्हती. जिल्ह्याच्या समितीचं दार तिनं स्वतः निवडलं, कारण त्या दाराबद्दल तुम्ही सांगितलं होतं.

सुनावणीच्या पहिल्या तारखेला तुम्ही तिच्याबरोबर आत गेलात. मी बाहेर बाकावर होते. अर्ध्या तासानं तुम्ही बाहेर आलात, तेव्हा तुमचा चेहरा पाहून मी उठले. मालकानं आत सांगितलं होतं : दिवाणजी भावाच्या फर्मचा, ही बाई मालकिणीच्या फर्मची. दोन वेगळे कारखाने. परक्या कारखान्यातल्या माणसाबद्दल आम्ही काय करणार? आणि टेबलावर चार पावत्या मांडल्या होत्या.

"म्हणाला, चार कारखाने आमी न्हाय म्हणत, अक्कांची संस्थाच म्हणतीया," तुम्ही सांगितलंत.

समितीनं नऊ दिवस दिले. ही एकच जागा आहे याचा पुरावा आणा, नाहीतर कागदावर आहे तसं धरून अर्ज निकाली काढू. शालन जिन्याच्या कठड्याला टेकून उभी होती.

पुरावा आपल्या कपाटात होता. प्रशिक्षणाचा हजेरीपट. एक शेड, एक तारीख, एक कागद, एकतीस सह्या. मी संध्याकाळी तो काढून टेबलावर ठेवला. तुम्ही त्यावर हात ठेवलात.

"ह्यो कागद मालकाला दावणार न्हाय, असं मी त्यास्नी सांगून सह्या घेतल्यात."

"मालकाला नाही द्यायचा. समितीला द्यायचा."

"समितीला दिला की नक्कल मालकाला जाती. तूच लिवलंयस आपल्या पुस्तिकेत."

"अक्का, एका बाईचं सगळं याच्यावर अडलं आहे."

"आणि तीस जणींचं? त्यांची हजेरी अजून त्याच दिवाणजीच्या वहीत लागती."

आपण एवढ्या मोठ्यानं भांडलो की खालच्या जर्सीवाल्यानं शिवणयंत्र थांबवलं. माझं म्हणणं मी आजही चुकीचं मानत नाही. मुदत ठरलेली होती, कागद हातात होता, वापरायचा होता. तुमचं म्हणणं एवढंच होतं की विचारल्याशिवाय नाही.

"नऊ दिवसांत तीस घरं?"

"मग नऊ दिवस फिरतो," तुम्ही म्हणालात.

तुमचा उजवा गुडघा तेव्हा दुखायला लागला होता. तुम्ही रोज सकाळी एसटीनं कबनूरला गेलात. दोन दिवस मी बरोबर होते. एक बाई भाकरी थापताथापता म्हणाली, "माझं नाव घाला. पर आमच्या सासूचं झाका. तिला इचाराय गेलासा तर दोन तास रडंल आनि मग बी न्हायच म्हणंल." एकीनं दार अर्धवट उघडून परत लावलं. एक म्हणाली, "अक्का, च्या घ्या. पर नाव नगं." तुम्ही चहा घेतलात. तिच्या मुलीच्या दहावीची चौकशी केलीत. एकदाही 'विचार कर' म्हणाला नाहीत. त्या चहाचा मला फार राग आला होता. बाहेर आल्यावर मी म्हणाले, "थोडा आग्रह केला असता तर दिली असती सही."

"दिली असती. म्हणून न्हाय केला," तुम्ही म्हणालात.

आठव्या दिवशी हिशेब असा होता : एकोणीस जणी हो, आठ जणी नको, चौघींनी दारच उघडलं नाही. बारा नावांवर तुम्ही पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या लावल्यात आणि त्या पटाची झेरॉक्स काढलीत. मी म्हणाले, हे काहीतरी लपवल्यासारखं दिसतं. तुम्ही म्हणालात, "लपवलंयच की."

समितीच्या अध्यक्ष बाईंनी नेमकं तेच विचारलं, ही बारा नावं का झाकली? त्या वेळी मी आत होते, म्हणून तुमचं उत्तर शब्दशः देते. "बाई, ह्या बारा जणी भ्याल्यात. पर चौघा मालकास्नी न्हाय भ्याल्या. एकालाच भ्याल्यात."

मालक छताकडे बघत होता. एकोणीस सह्यांपेक्षा त्या बारा पट्ट्यांनी जास्त काम केलं, असं मला वाटतं. समितीनं शेड एकच धरली. चौकशी पुढे दोन महिने चालली. निष्कर्ष शालनच्या बाजूनं आला, दिवाणजीला काढावं लागलं, तिचा बुडालेला पगार द्यावा लागला. ती मात्र त्या शेडमध्ये परत गेली नाही. "तितलं वारं बी नगं," म्हणाली.

आता पावत्यांचं.

हजेरीपटासोबत संस्थेचं पत्र द्यायचं होतं, चार पावत्या कशा दिल्या गेल्या ते सांगणारं. मसुदा मी केला. मी लिहिलं, 'चार स्वतंत्र पावत्या अनवधानाने दिल्या गेल्या.' हा आमच्या धंद्यातला जुना शब्द आहे. खुलासा छापायचा झाला की चूक कुणाची ते लिहीत नाहीत. चूक आपोआप झालेली असते, अनवधानाने. तुम्ही पेननं ते वाक्य खोडलंत आणि वर लिहिलंत : 'चार पावत्या मी द्यायला नको होत्या. एकच दार आहे हे मला दिसलं होतं.' खाली सही केलीत.

"अक्का, तुम्ही दिल्या नाहीत. मी दिल्या."

"संस्था माझ्या नावावर हाय न्हवं?"

"पण खरं नाही हे."

"तुझं नाव घातलं की समिती तुलाच प्रश्न इचारत बसंल. शालनचं ऱ्हाईल बाजूला. आता ह्यो कागद जाऊ दे. तिला तू मागनं सांग."

मी हो म्हणाले. मागून सांगायचं होतं. निकाल लागेपर्यंत नको, असं मी ठरवलं. निकाल लागल्यावर वाटलं, आता कशाला. शालन कार्यालयात यायची, तुमच्याशी तासभर बोलायची, मला 'वैजूताई, च्या ठेवा की' म्हणायची आणि मी चहा ठेवायचे. तुम्ही दोनदा विचारलंत, "सांगितलंस?" दोन्ही वेळा मी नाही म्हणाले. तिसऱ्यांदा तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही विसरलात, असं मी मानलं. ते मानणं सोयीचं होतं.

त्यानंतर तुम्ही माझं दरपत्रक रद्द केलंत. कामगारांचा आकडा गेला. नवी पद्धत तुमची होती आणि मला ती पहिल्या दिवसापासून पटली नाही. दर तेच तीन. ज्याचा त्यानं निवडायचा. पुरावा मागायचा नाही, बिलं बघायची नाहीत. फक्त प्रशिक्षण सुरू होताना, ज्यांच्यासाठी ते आहे त्यांच्यासमोर, निवडलेला दर मोठ्यानं वाचायचा.

शिरोलीच्या एका कारखान्यात ते पहिल्यांदा झालं. समोर साठेक माणसं होती. तुम्ही म्हणालात, "तुमच्या मालकांनी खालचा दर निवडलाय. ह्यो दर ज्यास्नी आमचं पैसे जड जातात त्यांच्यासाठी हाय. कारखान्याला बरे दिवस येवोत." मागच्या रांगेतून आवाज आला, "मग परवा आलेली ती नवी गाडी कुणाची म्हणायची, पावण्यांची?" हसू थांबायला पाच मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी वरच्या दराच्या फरकाचे पैसे कार्यालयात आले, सोबत चिठ्ठी नाही.

ते खरोखर चाललं. लोक वरचा दर निवडू लागले आणि त्यावर खालच्या दराचे कितीतरी वर्ग झाले. तरी माझा आक्षेप होता आणि तो पन्हाळ्याकडच्या एका गावात खरा ठरला. बायकांच्या बचत गटानं बोलावलं होतं. तीनशे रुपये. तुम्ही नेहमीसारखं वाचलंत. पुढच्या रांगेत सरपंच होते, ग्रामसेवक होते. गटाच्या खजिनदार बाई उठून उभ्या राहिल्या. "आमी गरीब हाय ह्ये सांगाय बोलवलं न्हवतं तुमास्नी," म्हणाल्या आणि खाली बसल्या. पुढचे दोन तास त्यांनी वर पाहिलं नाही.

परतताना मी म्हणाले, ज्याला लाज वाटायला हवी त्याला ती वाटते, हे ठीक. पण ज्याला वाटायला नको त्यालाही वाटते. तुम्ही म्हणालात, मग गटांचा दर वाचायचा नाही, मालकांचा वाचायचा. मी विचारलं, हे कोण ठरवणार? अपवाद केला की परत कुणीतरी मोजायला बसणार. वर्षभर आपण हा वाद घातला. जिन्यात, एसटीत, जेवणाचे डबे उघडताना.

आपलं शेवटचं बोलणंही तेच. दवाखान्यात, दुपारी. तुम्ही म्हणालात, "माझ्या मागं तू काय करशील?"

"दर कार्डावर लिहून ठेवीन. मोठ्यानं वाचणार नाही."

"मग चार पावत्या परत फाडशील."

त्या पावत्यांनंतरच्या तीन वर्षांत तुम्ही हे एकदाच बोललात. रागानं नव्हे. मग मोसंबीचा रस मागितलात. मी आणायला गेले. परत आले तेव्हा गडहिंग्लजहून तुमचे भाऊ-भावजय आले होते, तुमच्या आईच्या, अव्वाच्या, आठवणी निघाल्या होत्या, तुम्ही कानडीत हसत होता. मी रस ठेवला आणि बाहेर बसले. वाद तिथं राहिला.

कार्यालयातल्या कॅलेंडरवर तुमच्या अक्षरात लिहिलेलं होतं : 'मंगळवार, ४ ते ६, कबनूर.' वेगळी शेड, वेगळा मालक. पुढे ढकलावं म्हणून मी फोन केला. मालक म्हणाला, "अक्कांचं वाईट झालं, बाई. पर पैसं भरल्यात, माग दोन तास बंद ठेवायचं ठरलंय, बायकास्नी सांगितलंय. तुमी या." मी गेले. इतक्या वर्षांत मी कधी समोर उभी राहिले नव्हते. मी लिहायचे, तुम्ही बोलायचात. चोवीस बायका होत्या. शालन दुसऱ्या रांगेत होती. ती आता तिथं कामाला आहे आणि तिनंच मागं लागून मालकाला आपल्याकडे फोन करायला लावला होता.

मी दर वाचला. मोठ्यानं. "तुमच्या मालकांनी मधला दर निवडला आहे." एक म्हणाली, "बरोबर हाय, माणूस बी मधलाच हाय." सगळ्या हसल्या, दारात उभा असलेला मालकही. मग मी तुमचं कापड उलगडलं. माझा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नव्हता. दोनदा सांगावं लागलं त्यांना. दोन तास पूर्ण केले. चांगलं झालं असं म्हणता येणार नाही.

नंतर शालन बाहेर नळावर हातावरचा कापूस धूत होती. बाकीच्या गेल्या होत्या. मी जवळ जाऊन म्हणाले, "शालन, त्या चार पावत्या मी फाडल्या होत्या. अक्कांनी नाही."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. तिनं मान वर केली नाही.

"कधीपासून?"

"पहिल्या तारखेपासनं. त्यानं टेबलावर मांडल्या तवाच. खाली सही तुमची हुती. मला वाचाय येतंय की."

"मग मला काही बोलली नाहीस कधी."

"अक्कास्नी बोललो. लई भांडलो त्यांच्यासंगं, ह्ये पत्रात तुमी तुमच्यावर का घेतलंसा म्हणून. तुमास्नी इचाराय वरच येणार हुतो, तर त्यांनी हात धरला." ती हात पदराला पुसू लागली. "म्हणाल्या, तिला इचारू नको. तिला परवडंल तवा सांगंल."

तिनं नळ घट्ट केला आणि शेडमध्ये गेली. माग सुरू झाले होते.

अक्का, तीन वर्षं मी खालच्या दरात बसले होते. सगळ्या जिल्ह्याचा दर तुम्ही मोठ्यानं वाचलात. माझा वाचला नाहीत.